खोल डबा

निळ्या अंड्यातून निघाली तेव्हा सरळच होती.
तिसऱ्या आठवड्यात खालची चोच डावीकडे सरकली,
वरची उजवीकडे,
जणू दोघींचं बिनसलंय
आणि घर एकच असल्यानं दोघी तिथंच राहतायत.

कुस्तोदिओ म्हणाला, मान पिरगाळ.
"एदेल्मीरा, पंधरा आहेत तुझ्याकडे.
ही सोळावी जन्मलीच नाही असं धर."
मग माते चहाची नळी पुन्हा तोंडात धरली
आणि बोटीच्या इंजिनाबद्दल बोलत बसला.

मुलगी फोनवर, प्वेर्तो मोंतहून:
आई, डॉक्टरला दाखव.
डॉक्टर म्हणजे दोन बसा आणि एक फेरीबोट.
कोंबडीला तिकीट पडतं का,
ते मी विचारलं नाही.

ती टोचायची, दाणा उडून जायचा.
पुन्हा टोचायची.
बाकीच्या पोटं भरून धुळीत लोळत पडायच्या
आणि ही अजून कामावर.

मग मी डबा शोधला. मासळीचा नव्हे, तो उथळ.
पीचच्या फोडींचा, खोल.
कुस्करलेला बटाटा, गव्हाचा कोंडा, कोमट पाणी.
त्यात ती फावड्यासारखं तोंड खुपसायची
आणि डोळ्यांपर्यंत बरबटून वर बघायची.
रविवारी नखं घासायच्या कानशीनं
मी तिची चोच घासायचे.
मांडीवर चुन्यासारखी भुकटी पडायची.
काखेत ती गरम,
तिचं काळीज असं चालायचं
की आत कुणी उद्याच्या लग्नाचे कपडे शिवतंय.

नाव मात्र दिलं नाही.
हे मी सगळ्यांना सांगत असे, न विचारता.

अंगावरची पिसं विंचरायलाही चोच लागते,
एवढं आयुष्य कोंबड्यांत गेलं, हे कळलं नव्हतं.
उवा झाल्या. चुलीतली राख चोळली.
जुलैत समुद्राकडून पाऊस आडवा यायला लागला
तशा बाकीच्यांनी तिला दांडीवरून ढकललं.
सकाळी जमिनीवर सापडायची, ओली,
आणि डबा दिसला की धावायची.
ते धावणंच तर माझी पंचाईत करत होतं.

छातीचं हाड बोटांना लागायला लागलं,
उलट्या होडीच्या कण्यासारखं.
कुणासाठी जगवतेय मी हिला?
तिच्यासाठी, की मला हात आखडता घेता येत नाही म्हणून?
भांडी घासताना विचारलं.
भांडी संपली.

गुरुवारी ठरवलं.
शुक्रवारी कुऱ्हाडीला धार नव्हती.
शनिवारी धार लावली, तर पाहुणे आले.
सोमवारी तिनं डब्यात तोंड घातलं
आणि तसंच ठेवलं, खाल्लं नाही.
मी डबा तिरका धरला. बोटानं भरवलं.
तिनं गिळलं, जणू माझं मन राखायला.

कापायच्या कोंबडीला आदल्या रात्री उपाशी ठेवतात.
माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं;
पोट रिकामं असलं की काम स्वच्छ होतं.
त्या रात्री मी चुलीजवळ बसून
चमच्या चमच्यानं तिला भरवत राहिले.
लोणी घातलं. लोणी!
गळ्याखालची पिशवी भरली,
लहान मुलाच्या मुठीएवढी, घट्ट.
जन्मभर अर्धपोटी राहिलेलीला
उपाशी पाठवायचं, हे मला जमणार नव्हतं.
काम घाण झालं तर होवो.

कुस्तोदिओला बोलावलं नाही.

पहाटे केलं. एकदाच हात उचलला.
त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं नाही,
फक्त एवढंच, की ती माझ्या काखेतून काढताना
झोपेत होती, आणि जरा हलली,
माणूस कूस बदलतं तशी.

खाल्ली नाही. बटाट्यांच्या वाफ्याच्या टोकाला पुरली.
कुस्तोदिओ म्हणाला, रस्सा वाया घालवलास.
खरं आहे. हाडांवर होतं तरी काय, तेही खरं आहे.

सप्टेंबरात मुलगी आली.
नखं घासायला खणातली कानशी काढली,
म्हणाली, आई, हिच्यावर हे पांढरं कसलं?
मी म्हटलं, दे इकडे, धुते.
धुतली नाही.